पाच नंबरचा पाट

१९९५च्या ऑगस्ट महिन्यात नऊ दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि २४ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टचं विंडोज ९५ बाजारात आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईतल्या ज्या घरांनी या दोघांना एकाच टेबलावर नांदवायचा प्रयत्न केला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कुठल्याही जाहिरातीत न छापलेला एक नियम कळला. इंटरनेट चालू असताना माउस हलवायचा नाही.

कीबोर्ड खुशाल बडवा. टॅब दाबत दाबत हवं तिथे पोहोचा. पण माउसला हात लागला की मोडेमची लाइन मेली, आणि मनात आलं तर तिच्यासोबत अख्खं मशीन. मग पुन्हा तो डायल करण्याचा, शिट्ट्या आणि खरखरीचा सोहळा, आणि आतल्या खोलीतून "फोन अडकवून ठेवलाय कुणी?" हा आवाज. टेलिफोन खात्याला दोन-चार शिव्या घालून झाल्यावर हार्डवेअरवाल्या मुलाला निरोप जायचा. हा मुलगा मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्यात असेल तर तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून मशीन 'असेंबल' करून देणारा. सॅकमध्ये स्टारचा स्क्रूड्रायव्हर, फ्लॉप्यांचा डबा आणि कुठल्या कुठल्या मशीनमधून उरलेले स्क्रू. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काका, मोडेम कितीवर टाकलाय?"

"साडेचार हजारांवर. पाच सांगत होता."

"तसं नाही हो. आयआरक्यू कितीवर आहे?"

काकांना ते माहीत नसे, हे समजण्यासारखं आहे. पण ते संगणकालाही माहीत नसे. ड्रायव्हर टाकताना 'आधीच्या कुणाशी भांडण तर होत नाही ना' हे तपासण्याचा जो काही खटाटोप पुढे पंधरा-वीस वर्षं जगभर चालला, तो सगळा या एका अज्ञानातून निघाला.

प्रोसेसर सतत आपल्या कामात असतो. कीबोर्डवर कळ दाबली गेली किंवा मोडेममध्ये एखादं अक्षर येऊन पडलं, की त्या उपकरणाला प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यावं लागतं. त्यासाठी एकेक तार असते. तिचं नाव इंटरप्ट रिक्वेस्ट, धंद्यातल्या माणसांसाठी आयआरक्यू. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी काढला तेव्हा या तारा सांभाळायला इंटेलची ८२५९ नावाची चिप बसवली. तिला आठ तारा जोडता येत. १९८४च्या पीसी-एटी मॉडेलपर्यंत आठ कमी पडू लागल्या, म्हणून तशीच दुसरी चिप आणली आणि ती जोडली कुठे, तर पहिल्या चिपच्या दोन नंबरच्या तारेवर. सोळातली एक तार या जोडकामातच गेली. उरल्या पंधरा.

मराठी लग्नाची पंगत पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था फोडून सांगायला नको. आठ पाट मांडलेले, वाढप मानाच्या क्रमाने. ऐन वेळी वरपक्षाकडचे आणखी आठ जण उगवतात. त्यांना शेवटी बसवावं तर तोंडं फुगणार. म्हणून दोन नंबरच्या पाटावरच्या पाहुण्याला उठवतात आणि त्याच्या जागी या आठांची अख्खी ओळ घुसवतात. उठवलेल्या गरिबाची सोय नऊ नंबरवर. आता उशिरा आलेले ८ ते १५ नंबरवाले आधीपासून बसलेल्या ३ नंबरवाल्याच्या आधी जेवणार. यात अतिशयोक्ती काही नाही. पीसीतला अग्रक्रम खरोखरच ०, १, मग ८ ते १५, आणि मग ३ ते ७ असा आहे.

बरं, पंधरा म्हणजे पुष्कळ वाटतात, पण बहुतेक पाटांवर आधीच रुमाल टाकून ठेवलेले. शून्यावर सिस्टीमचा टायमर, एकवर कीबोर्ड. हे दोघे जागचे हलणारच नाहीत. आठवर घड्याळ, तेरावर गणिती कोप्रोसेसर, चौदावर हार्ड डिस्क, पंधरावर बहुधा सीडी-रॉम. सहावर फ्लॉपी, सातवर प्रिंटर, चारवर पहिला सीरियल पोर्ट, तीनवर दुसरा. दहा आणि अकरा मोकळे असत, पण जुन्या आखूड स्लॉटमधल्या कार्डांची तार तिथवर पोहोचतच नसे. राहता राहिला पाच. तो आयबीएमने दुसऱ्या प्रिंटरसाठी राखून ठेवला होता. एकाच मशीनला दोन प्रिंटर कोण लावणार? हा सुज्ञ विचार एका कार्डवाल्याच्या मनात आला, आणि दुर्दैवाने तो त्याच सुमारास सगळ्यांच्याच मनात आला. साउंड कार्डवाला, नेटवर्क कार्डवाला, स्कॅनरसोबत छोटंसं कार्ड देणारा, सगळे आपापला माल पाच नंबरवर बेतून मोकळे.

माउस आणि मोडेमचं वैर याच घराण्यातलं. आयबीएमने सुरुवातीला दोनच सीरियल पोर्ट धरले होते. पुढे तिसरा आणि चौथा आला तेव्हा त्यांना द्यायला नव्या तारा नव्हत्या. म्हणून तिसऱ्याला पहिल्याची तार आणि चौथ्याला दुसऱ्याची, असा तोडगा निघाला. दोन्ही एकाच वेळी कोण वापरणार, हा त्यामागचा हिशेब. भारतात माउस सर्रास पहिल्या पोर्टवर, म्हणजे कॉम १ वर असायचा. आतल्या स्लॉटमध्ये बसणारा मोडेम खोक्यातून बाहेर यायचा तो कित्येकदा कॉम ३ वर लावलेला. दोघांची तार एक, नंबर चार. इंटरनेट वापरणारा माणूस माउसही वापरेल, ही शक्यता हिशेब करणाऱ्यांच्या डोक्यात त्या वेळी नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

एका तारेवर दोघांनी का राहू नये, असं कुणीही विचारील. जुन्या आयएसए स्लॉटच्या व्यवस्थेत चिप तारेवरचा फक्त बदल टिपायची. तारेवरची पातळी खालून वर गेली की ती एक हाक. पहिल्याने तार वर नेऊन धरलेली असतानाच दुसऱ्याने हाक दिली, तर बदल काहीच होत नाही आणि दुसरा ऐकू जात नाही. मोडेममध्ये अक्षर येऊन थांबलेलं, प्रोसेसर माउसच्या हालचाली मोजतोय, पाठोपाठ पुढचं अक्षर येतं आणि आधीचं वाहून जातं. असं थोडा वेळ चाललं की पलीकडचं टोक कंटाळून फोन ठेवतं.

उपाय सोपा होता, म्हणजे सांगायला. मोडेम कॉम २ वर आणायचा. पण कॉम २ नावाचा एक पोर्ट मदरबोर्डवर आधीच असतो. त्यामुळे पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन तो बंद करायचा आणि मग मोडेमचा जंपर हलवायचा. बायोसमध्ये जाणं विसरलं की जुनं भांडण मिटून नवं सुरू. दोन्ही केलं, सगळं सुरळीत झालं, आणि काका घरातलं मशीन ऑफिसात घेऊन गेले तर तिथे त्यात नेटवर्क कार्ड बसायचं. त्या काळी ज्याची नक्कल गल्लोगल्ली विकली जायची, ते एनई२००० जातीचं कार्ड. त्याचा कारखान्यातून ठरून आलेला आयआरक्यू? तीन. म्हणजे कॉम २ चाच.

जंपर ही वस्तू आजच्या पिढीने पाहिलेली नाही. काळ्या प्लॅस्टिकची तीन-चार मिलिमीटरची टोपी, आत धातूची बारीक पट्टी. दोन पिनांवर बसवली की त्या जोडल्या जातात आणि कार्डाला कळतं की आपण अमुक नंबरचे. नखाने ती निघत नाही आणि चिमट्याने उडते. उडाली की मदरबोर्डच्या खाली जाते. मग सापडेपर्यंत मशीन चालू करायची सोय नाही, कारण नेमकी कुठल्या दोन टाक्यांवर जाऊन बसली असेल याचा नेम नसतो. "काका, टॉर्च धरा. इथे नाही, आत. अजून आत." काका गुडघ्यांवर, मुलगा पोटावर, आणि दारात चहाचा ट्रे घेतलेल्या काकू, आत यावं की नाही या विचारात. मुरलेले लोक नको असलेला जंपर काढून खिशात टाकत नाहीत. तो एकाच पिनेवर लटकवून ठेवतात. जोडलाही जात नाही, हरवतही नाही.

कुठला जंपर कुठे, याचा तक्ता नशीब असेल तर कार्डावरच बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेला. नसेल तर सोबतच्या घडीपत्रकात, तेही कार्डाच्या आधीच्या आवृत्तीचं. त्यात जेपी ३ असायचा, कार्डावर जेपी २ नंतर एकदम जेपी ५.

सरकारी कचेऱ्यांत तर भाषासुद्धा कार्डावर यायची. मूळ संशोधन आयआयटी कानपूरचं, पण पुण्याच्या सी-डॅकने पुढे वाढवून देशभर पोहोचवलेलं जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवलं, की केवळ इंग्रजी जाणणाऱ्या डॉसच्या डीबेसमध्ये आणि लोटसमध्ये देवनागरी उमटायची. तेव्हाच्या मानाने ही थक्क करणारी कामगिरी होती. पण मराठी ही स्लॉट अडवणारी वस्तू झाली, हेही तितकंच खरं. स्लॉट मोजके. एकात डिस्प्ले, एकात हार्ड डिस्कचा कंट्रोलर, एकात मराठी. राज्यकारभारात मराठीला स्थान मिळालं पाहिजे, या मागणीचा इतका शब्दशः विचार दुसऱ्या कुठल्या खात्याने केला असेल असं वाटत नाही.

आयआरक्यू हा भांडणाचा एकच विषय झाला. कार्डाला पोर्टचा पत्ता लागायचा, डीएमएची वाट लागायची, काहींना मेमरीचा तुकडाही लागायचा, आणि यातलं काहीही दुसऱ्याशी जुळलं की वाद. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १६ घेतलं, तर मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ असावी लागायची: सेट ब्लास्टर, पुढे ए२२०, आय५, डी१, एच५, टी६. पत्ता २२०, आयआरक्यू ५, आठ बिटांचा डीएमए १, सोळा बिटांचा ५, आणि कार्डाची जात ६. नव्वदीच्या दशकातली शाळकरी मुलं ही ओळ रामरक्षेच्या जोडीने, काही घरांत तिच्या ऐवजी, पाठ म्हणत. गेम टाकताना तो आयआरक्यू विचारायचा आणि मग आवाजाची चाचणी घ्यायचा. नंबर बरोबर असेल तर धडाम असा स्फोट. चुकीचा असेल तर कार्ड आवाजाचा पहिला तुकडा वाजवायचं, 'झाला, पुढचा द्या' अशी हाक द्यायचं, ती हाक भलत्याच तारेवर पोहोचायची आणि प्रोसेसर पुढचा तुकडा द्यायचाच नाही. परिणामी धडाममधला नुसता ध, ध, ध, ध, वीज बंद करेपर्यंत.

काही भांडणं तर तपासणाऱ्याच्या बापालाही सापडू नयेत अशी. चौथ्या सीरियल पोर्टचा पत्ता २ई८. एस३ आणि एटीआयच्या कितीतरी डिस्प्ले कार्डांचे पत्ते ४२ई८, ८२ई८ अशा धाटणीचे. कागदावर हे पूर्ण वेगळे आकडे. पण स्वस्त मोडेमची कार्डं पूर्ण पत्ता वाचायचीच नाहीत, शेवटचे दहा बिट तेवढे वाचायची, आणि दहा बिटांपुरते हे सगळे पत्ते एकच. म्हणून मोडेम कॉम ४ वर टाकला की बिघाड दिसायचा पडद्यावर. अशा वेळी लोक आधी मॉनिटर बदलून बघत, मग केबल, मग तो विकणारा दुकानदार.

आता मुख्य प्रश्न. भांडण होऊ नये म्हणून आधी तपासायचं कसं? सोपं वाटतं: मशीनला विचारावं की बाबा, पाच नंबरवर कोण आहे? पण जुन्या कार्डांना स्वतःचं नाव सांगताच येत नव्हतं. डॉससोबत एमएसडी नावाचा तपासणी प्रोग्रॅम मिळायचा. ज्या कार्डाचा ड्रायव्हर अजून चढलेलाच नाही, ते त्याच्या लेखी जन्मालाच आलेलं नसे. त्याने पाच मोकळा दाखवला म्हणजे पाच मोकळा असेलच असं नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे एकेका पत्त्यावर काहीतरी लिहून किंवा वाचून बघायचं आणि उत्तर कसं येतं त्यावरून अंदाज बांधायचा. यात गोची अशी की एनई२००० कार्डाचे काही पत्ते नुसते वाचले तरी कार्ड रीसेट व्हायचं आणि कधीकधी मशीन घेऊन बुडायचं. त्यामुळे लिनक्सवाल्यांना बूट करतानाच सांगायची सोय ठेवावी लागली, की ३००पासून पुढचे ३२ पत्ते राखीव समजा, तिथे कुणी डोकावू नका. म्हणजे कार्ड कुठे आहे हे शोधण्यासाठी ते कुठे आहे हे आधी सांगावं लागायचं.

विंडोज ९५ने या संकटावर जो तोडगा काढला, त्याला दाद द्यावी तितकी थोडी. नवं हार्डवेअर शोधणारा विझार्ड सुरुवातीलाच बजावायचा, की यात काही मिनिटं जातील, आणि निळी पट्टी बराच वेळ हलली नाही तर मशीन बंद करून पुन्हा चालू करा. शोधताना तो प्रत्येक पावलाची नोंद ठेवायचा. मशीन मध्येच मेलं तर पुढच्या वेळी डेटक्रॅश नावाची फाइल पाहून आपण मागच्या खेपेला कुठे मेलो होतो हे ताडायचा आणि तेवढी जागा टाळून पुढे जायचा. मरणं गृहीत धरून आखलेली तपासणी! टीका करणाऱ्यांनी खूप केली, पण त्या परिस्थितीत याहून शहाणपणाचं काही करता आलं असतं असं दिसत नाही. लाखो प्रकारची कार्डं, त्यांतली निम्मी मुकी. एखाद्या मुरलेल्या टेक्निशियननेही हेच केलं असतं आणि करतही होताच. फरक इतकाच की त्याची डेटक्रॅश फाइल सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली असे.

विझार्डने शोधलेलं सगळं डिव्हाइस मॅनेजरमध्ये झाडासारखं मांडलेलं दिसायचं आणि ज्याचं बिनसलंय त्याच्यावर पिवळ्या गोलात काळं उद्गारचिन्ह. डबल क्लिक करून रिसोर्सेसच्या पानावर गेलं की खाली एक चौकट. त्यात भांडणाचा तपशील यायचा, नाहीतर दोनच शब्द: नो कॉन्फ्लिक्ट्स. वर उद्गारचिन्ह, खाली शांतता. हे दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याचं नवल वाटणार नाही. सगळ्यांचा लाडका संदेश मात्र कोड १२. त्याचा आशय असा: या उपकरणाला पुरेशी मोकळी साधनं मिळत नाहीत, तुम्हाला हे वापरायचं असेल तर दुसरं एखादं बंद करा. साडेचार हजारांचा मोडेम घेऊन आलेल्या माणसाला हा सल्ला. साउंड कार्ड मुलाचं, मोडेम वडिलांचा. बंद कोणाचं करायचं, याचा निकाल डिव्हाइस मॅनेजर देत नसे.

आयबीएमला हे सगळं आधीच दिसलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. १९८७ साली पीएस/२ मशीनं काढताना त्यांनी जंपर कायमचे हद्दपार केले. मायक्रो चॅनेल नावाचा नवा स्लॉट, त्यात प्रत्येक कार्ड स्वतःची ओळख सांगणारं, आणि सगळी मांडणी रेफरन्स डिस्केट नावाच्या फ्लॉपीवरून. नवं कार्ड बसवायचं तर त्याच्या वर्णनाची फाइल त्या फ्लॉपीवर हवी. रचना उत्तम, फक्त तिचा सगळा भार फ्लॉपी जपून ठेवण्याच्या मनुष्यस्वभावावर. शिवाय इतर कंपन्यांना हा स्लॉट वापरायचा तर आयबीएमला पैसे मोजावे लागणार होते. मायक्रो चॅनेल मागे पडला आणि जग आणखी काही वर्षं चिमटा घेऊन बसलं.

१९९३ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने आयएसए कार्डांसाठी प्लग अँड प्लेचे नियम मांडले. त्यातली युक्ती खरोखर देखणी आहे. सगळी कार्डं आधी गप्प बसतात. प्रत्येकाकडे ७२ बिटांचा एक ओळखक्रमांक. मग एकेक बिट पुकारला जातो. ज्याच्याकडे त्या जागी १ आहे ते कार्ड बोलतं, ज्याच्याकडे ० आहे ते कान देऊन ऐकतं, आणि दुसरं कुणी बोलताना ऐकू आलं तर आपणहून माघार घेतं. बहात्तर फेऱ्यांनंतर एकच कार्ड उरतं. त्याला नंबर मिळतो आणि मग उरलेल्यांची पाळी. या सगळ्या हुकमांसाठी मोकळा पत्ता कुठून आणायचा? त्यांनी प्रिंटरचा स्टेटस पोर्ट निवडला, २७९. प्रिंटरची खुशाली फक्त वाचायची असते, तिथे कुणी काही लिहीत नाही आणि लिहिलं तरी प्रिंटरला त्याचं काही वाटत नाही.

अडचण उरली ती जुन्या मुक्या कार्डांची. ती या हजेरीला उभीच राहत नसत. म्हणून बायोसमध्ये नवी पानं आली: अमुक आयआरक्यू जुन्या कार्डासाठी राखीव, तमुक प्लग अँड प्लेसाठी. सोबत एक प्रश्न: पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड? येस की नो? या प्रश्नाचं बरोबर उत्तर काय, यावर त्या काळी जितके टेक्निशियन तितकी मतं. साधारण पद्धत अशी, की आधीच्या माणसाने येस ठेवलं असेल तर नो करायचं आणि नो असेल तर येस. मशीन चालू झालं की बिल फाडायचं.

बाजारात प्लग अँड प्लेला 'प्लग अँड प्रे' हे नाव पडायला वेळ लागला नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी विंडोज ९८ला एक स्कॅनर जोडून दाखवला. मशीन स्कॅनर ओळखतं, ड्रायव्हर आपोआप चढवतं, हे दाखवायचं होतं. चढवता चढवता सगळ्या सभागृहासमोर निळा पडदा आला. हशा-टाळ्यांत गेट्स यांनी, म्हणूनच तर आपण विंडोज ९८ अजून विकायला काढलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. दोन महिन्यांनी, २५ जूनला, ते विकायला आलंच. कॅपोसेला पुढे त्याच कंपनीचे मार्केटिंग प्रमुख झाले, तेव्हा निळ्या पडद्याने कुणाचं नुकसान होतं असं सरसकट म्हणता येत नाही.

आयएसए स्लॉट जाऊन पीसीआय आला आणि तार वाटून घेणं कायदेशीर झालं. आता चिप बदल टिपत नाही, तर तार खाली ओढून धरलेली आहे का हे बघते. एकाचं काम झालं तरी दुसऱ्याने धरून ठेवलेली असेल तर ते कळतं. मात्र त्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरने प्रामाणिकपणे 'ही हाक माझ्या कार्डाची आहे का?' हे तपासून नसेल तर पुढच्याकडे पाठवायची असते. प्रामाणिकपणा ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर सोपवला, तेव्हा नमुने निघालेच. लिनक्समध्ये एखाद्या तारेवरच्या एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त हाकांना कुणीच वाली निघाला नाही, की कर्नल ती तार तोडून टाकतं आणि नोंदवहीत लिहितं: नोबडी केअर्ड. कुणालाच पडलेली नाही. एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमने काढलेला इतका खिन्न उद्गार दुसरा नसावा.

विंडोज २०००ने वेगळाच घोळ घातला. नव्या एसीपीआय पद्धतीत ते पीसीआयची झाडून सगळी कार्डं एकाच आयआरक्यूवर, बहुधा नऊवर, बसवायचं. सगळं व्यवस्थित चालू असायचं, पण भांडण म्हणजे काय हे वर्षानुवर्षं शिकलेल्या लोकांनी यादीत नऊ, नऊ, नऊ पाहिलं आणि ते घाबरले. हे बरोबरच आहे, हात लावू नका, असं मायक्रोसॉफ्टला खुलासा करून सांगावं लागलं. तरी कार्ड या स्लॉटमधून काढून त्या स्लॉटमध्ये टाकणं चालू राहिलं. ती अंधश्रद्धा नव्हती. कित्येक मदरबोर्डांवर डिस्प्ले कार्डाचा स्लॉट आणि त्याच्या शेजारचा स्लॉट यांची तार खरोखरच एक असायची.

आज ते सगळं बहुतांशी मिटलं आहे. नव्या पद्धतीत कार्ड तार ओढतच नाही, मेमरीच्या ठरलेल्या पत्त्यावर एक निरोप लिहितं. एमएसआय-एक्स नावाच्या सुधारित आवृत्तीत एकेका उपकरणाला असे २०४८ निरोप देता येतात. तरी कुणाला हौस असेल तर विंडोज ११मध्ये एमएसइन्फो३२ चालवून बघावं. हार्डवेअर रिसोर्सेसखाली पहिलंच शीर्षक 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग'. भांडण आणि वाटणी एकाच खात्यात. ज्याने हे शीर्षक दिलं त्याची एखादी वडिलोपार्जित जमीन नक्की असणार. तिथल्या आयआरक्यूच्या यादीत शून्यावर सिस्टीम टायमर आजही बसलेला दिसतो आणि बऱ्याच लॅपटॉपांत एकवर कीबोर्ड. १९८१चे रुमाल.

कोड १२ही कामावर हजर आहे. लॅपटॉपला बाहेरून मोठं ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्यांना तो हमखास भेटतो, कारण त्या कार्डाला मेमरीच्या पत्त्यांचा जो पट्टा लागतो तेवढा सलग सापडत नाही. सल्लाही तोच. दुसरं एखादं उपकरण बंद करा. आणि मदरबोर्डवर नवी एम.२ एसएसडी बसवताच ज्याची जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी होते, त्याने आधी केबल ओढून बघितलेली असते, मग डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघितलेली असते, मग दुकानात जाऊन वाद घातलेला असतो. मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखाली चांदणी करून बारीक टायपात छापलेलं असतं, की एम.२च्या या स्लॉटमध्ये काही बसवलं तर साटाचे पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद होतील. जुनी डिस्क पाच नंबरवर असते.